दारात म्हणायचं एक वाक्य

१८ नोव्हेंबर

पोचले. डोंगरातल्या हिनोतेगाहून निघताना अंगावर शाल होती. मानाग्वाच्या थांब्यावर उतरले तेव्हा झगा पाठीला चिकटला होता. या शहराने मला कधी सरळपणाने आत घेतलं नाही.

मारिसेला न्यायला आली होती. काळा झगा, काळ्या चपला — हल्ली कचेरीत असंच घालत असतील. गालाला गाल लावला आणि म्हणाली, "दमलीस का, हायदे आई?" हायदे आई. माझ्या बहिणीला, एर्नेस्तिनाला, नुसती आई, मला नाव जोडून. एका गल्लीत दोन मारिया असल्या की एकीला बुटकी मारिया म्हणतात, तसं. पोटातून मी काढली, पण बुटकी मीच.

"तीन आठवडे राहायचं. कसलीही घाई नाही, सावकाश शहर बघू," हे गाडीत पुन्हा पुन्हा सांगितलं. जावई, फानोर, गाडी चालवत होता. तो बोलत नाही. गोगलगाय आणि पोटात पाय.

मी शहर बघायला आलेली नाही. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मध्येच मन मऊ पडलं तर वाचता येईल. सात डिसेंबरला ग्रितेरी. त्या संध्याकाळी दारादारांत मरियामातेची मखरं सजतात. कुणीही कुणाच्याही दारात जावं, गाणं म्हणावं, आणि घरच्या बाईने गोडाची पिशवी हातावर ठेवावी. तू कोण, कुठली, असं विचारायचं नाही. दार लावायचं नाही. वर्षात या एकाच संध्याकाळी माझ्या बहिणीला माझ्या तोंडावर दार लावता येणार नाही.

म्हणून आले.

१९ नोव्हेंबर

उकाडा. पंखा गरम वारा इकडून तिकडे हलवतो, एवढंच. फानोरने पंखा माझ्या खाटेकडे वळवून ठेवला. मी तो परत भिंतीकडे वळवला.

२० नोव्हेंबर

तळ्यावर नेलं. नवा धक्का बांधलाय, दुकानं, दिवे, रंगीत नावा. सरकारने लावलेली ती लोखंडाची पिवळी झाडं, रात्रभर बल्बांनी पेटलेली — सावली कणभर नाही. आम्ही बाकावर बसून युक्काचा कंद, डुकराचं तळलेलं चिचारोन आणि कोबी खाल्लं, केळीच्या पानावर. कोबी चांगला होता. बाकी सगळ्याला पर्यटकांची चव.

मारिसेला म्हणाली, "उद्या जुन्या चर्चकडे जाऊ. परवा आराम. मग बाजार."

मी म्हटलं, "आणि एर्नेस्तिनाकडे कधी?"

ती पाण्याकडे बघत राहिली. "सात तारखेला जाऊच ना. घाई काय आहे?"

घाई काय आहे! तीस वर्षं झाली, घाई खरंच कसली. मला नजरेआड ठेवायचं आणि गर्दीच्या दिवशी गर्दीत उरकून टाकायचं. समजते मला. पाहुणी फिरवून आणली की तिचं तोंड बंद राहतं, असा यांचा हिशेब.

२१ नोव्हेंबर

जुन्या चर्चच्या पायऱ्यांवर बसलो. आत जाऊ देत नाहीत, भिंती तडकलेल्या आहेत. वरचं घड्याळ भूकंपाच्या वेळेवर थांबलेलं. बरं झालं, निदान एक घड्याळ तरी खरं बोलतं.

इथून पलीकडे आमचं घर होतं. आता गवत आहे आणि गवतात एक घोडा. भूकंपाच्या वेळी मी विशीत होते. तुळई पायावर पडली होती आणि एर्नेस्तिनाने मला काखेत हात घालून ओढून काढलं. त्यात तिच्या दोन बोटांची नखं गेली ती नीट आलीच नाहीत. तेव्हा मी तिला ताई म्हणायचे. आई मला घेऊन हिनोतेगाला मामाकडे गेली, एर्नेस्तिना इथेच राहिली, आल्ताग्रासियात घर घेतलं, कहेताच्या मिठाईचं दुकान टाकलं. दूध आटवून आटवून पैसा केला. तो तिचाच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण त्यानंतर कधीही वाद झाला की ती ती बोटं वर करायची. बोलायची नाही, नुसती बोटं दाखवायची. जीव वाचवला म्हणजे पुढे त्यातून जे जे जन्माला येईल त्यावर नाव लावायचं की काय?

मारिसेला पायरीवर शेजारी बसली होती. रडत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली डोळ्यात धूळ गेली. चर्चजवळ धूळ असतेच.

२२ नोव्हेंबर

आराम. म्हणजे यांनी मला घरात ठेवून कचेरीला जायचं आणि मी भिंती बघायच्या.

बसल्या बसल्या सगळं नीट लिहून काढते, म्हणजे त्या दिवशी जीभ अडखळायला नको.

लढाईचं ते साल. डोंगरातल्या कॉफीच्या मळ्यांवर रोज गोळीबार. माझा नवरा, क्रूस, सरपणाला गेला तो परत आला नाही, दुसऱ्या दिवशी खेचरावर आणला. मारिसेला पाच वर्षांची. एर्नेस्तिना लष्कराच्या गाडीत बसून वर आली — तेवढी छाती तिला होती — आणि म्हणाली, "पोर माझ्याकडे दे. लढाई संपेपर्यंत. लढाई संपली की तूच येऊन घेऊन जा." मरियेच्या तसबिरीवर हात ठेवून म्हणाली. आई साक्षीला होती, ती आता मातीत आहे.

लढाई संपली. मी न्यायला गेले. मारिसेला अकरा वर्षांची, इस्त्रीचा गणवेश, एर्नेस्तिनाच्या कमरेमागे लपलेली. "शाळेचं वर्ष पुरं होऊ दे," एर्नेस्तिना म्हणाली. वर्ष पुरं झालं. "पुढचं वर्ष महत्त्वाचं आहे." तेही झालं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दार उघडलंच नाही, आतून कहेता हलवल्याचा आवाज येत होता. मी उन्हात उभी होते. त्यानंतर बोलले नाही.

मारिसेला दर ईस्टरला वर यायची, पाहुण्यासारखी, हातात केकचा डबा. पंधरा वर्षांची असताना माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "तू मला देऊन टाकलंस. आईने घेतलं. आईबद्दल मी वाईट ऐकून घेणार नाही." देऊन टाकलंस. हे तिला कुणी सांगितलं ते विचारायची गरज नव्हती.

मी तिथे खरं सांगू शकले असते. नाही सांगितलं. माझ्या तोंडून आलं असतं तर ते रडगाणं ठरलं असतं. जिने खोटं पेरलं, तिच्याच तोंडून ते उपटलं गेलं पाहिजे, पोरीच्या देखत. मला एवढंच हवंय. दुसरं काही नको, पोरगीही आता मागण्याच्या वयाची राहिली नाही.

२४ नोव्हेंबर

फानोर फोनवर गॅसवाल्याला पत्ता सांगत होता: "टायरचा कारखाना होता तिथून तळ्याकडे दोन गल्ल्या, मग एक गल्ली वर, मोठं आंब्याचं झाड होतं त्याच्या समोर." कारखाना नाही, आंबा नाही. गॅसवाला मात्र बरोबर आला.

या गावात उभं असलेल्या वस्तूवरून कुणी पत्ता सांगत नाही. जे पडलं, जळलं, विकलं गेलं, त्यावरूनच सांगणार. मी बाहेरची नाही, मलाही असंच सांगता येतं. पण वर डोंगरात राहून सवय मोडली. हिनोतेगात चर्च म्हणजे जे चर्च दिसतंय ते.

२६ नोव्हेंबर

आज न सांगता गेले. ते दोघे कामावर गेल्यावर नाक्यावरून टॅक्सी केली.

"कुठे सोडू, आजी?" आजी! त्याचं स्वतःचं डोकं पांढरं होतं.

"आल्ताग्रासिया. एर्नेस्तिनाच्या कहेताच्या दुकानाशी."

"हां, एर्नेस्तिनाबाईंचं दुकान होतं तिथे. चला."

"होतं काय? आहे."

तो हसला. "आजी, या मानाग्वात सगळं होतंच. माझ्या बायकोला विचारा, ती माझ्याबद्दलही तसंच बोलते."

मी कोपऱ्यावरच थांबवायला सांगितलं. सात तारखेच्या आधी समोर जायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. बघितलं. कामाचा दिवस, सकाळची वेळ, आणि दुकानाची फळी लावलेली. खिडकी बंद. धुराड्यातून धूर नाही.

म्हणजे कळलंय तिला. मी शहरात आहे हे मारिसेलाने सांगितलं असणार, आणि ही दारं लावून आत बसली. धंदा बुडाला तरी चालेल, पण हायदेचं तोंड नको! समोरच्या घराच्या ओसरीवर एक बाई शेंगा सोलत होती, ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी त्याच टॅक्सीने परत आले.

रस्ताभर दात आवळून बसले होते. अजून जबडा दुखतोय.

२८ नोव्हेंबर

आजपासून मरियेचा नऊ दिवसांचा जप. मारिसेलाने दिवाणखान्यात छोटं मखर मांडलं, निळा कागद, भाताच्या लोंब्या, मद्रोन्योची पांढरी फुलं. शेजारच्या बायका आल्या. जप संपल्यावर प्रत्येकीने मारिसेलाला मिठी मारली, बराच वेळ धरून ठेवली. मला फक्त मान लववली. शहरातल्या बायकांना एकमेकींना मिठ्या मारायला कारण लागत नाही.

एक जण माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुम्ही आलात हे फार बरं झालं, बाई." मारिसेलाने तिला पटकन स्वयंपाकघरात बोलावलं.

माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलंय, देव जाणे.

२९ नोव्हेंबर

पंखा पुन्हा माझ्याकडे वळलेला. तसाच राहू दिला. उकाड्यापुढे मानही वितळते.

१ डिसेंबर

नव्या चर्चला नेलं. छतावर उपड्या वाट्या मांडल्यासारखे घुमट. बाहेर हिरव्या आंब्याच्या फोडी, मीठ-मिरची लावून, खाल्ल्या. दातांना झिणझिण्या आल्या. मारिसेला हसली, मीही हसले. मग आठवलं की लहानपणी तिला हेच आवडायचं, आणि ते एर्नेस्तिनाला जास्त माहीत असणार, मला नाही. फोड थुंकून टाकली.

३ डिसेंबर

पूर्वेकडच्या मोठ्या बाजारात गेलो. ग्रितेरीची खरेदी: उसाचे तुकडे, गोड लिंबं, खुळखुळे, प्लास्टिकच्या वाट्या. आणि मग मारिसेलाने एका बाईकडून मक्याच्या गोफिओच्या वड्या घेतल्या — पोतंभर. कहेताही घेतली, भोपळ्याच्या बियांएवढ्या तुकड्यांत कापलेली, रंग दिलेली. असली कहेता एर्नेस्तिनाने कुत्र्यापुढेही ठेवली नसती.

मी विचारलं, "तुझ्या आईच्या घरी हे न्यायचं? तिच्या हातांना काय झालं?"

"या वर्षी तिला नाही जमलं," मारिसेला म्हणाली. पोत्याचं तोंड बांधत होती. गाठ तिला बसेना.

राणी झाली एकदम! आख्खी वस्ती जिच्या कढईवर वाढली, ती आता बाजारची कहेता वाटणार. कष्ट आता परवडत नसतील. दुसऱ्याची पोर वाढवली, शिकवली, ती पोर आता पोती उचलते. आयत्या बिळावर नागोबा.

पोतं दोन टोकांना धरून आम्ही गाडीपर्यंत आणलं. मारिसेलाच्या मनगटावर जुना भाजल्याचा डाग आहे, चंद्रकोरीसारखा. कढईचा असणार. मी कधी विचारलं नव्हतं, आजही विचारलं नाही.

४ डिसेंबर

वाक्य मोठं होतंय ही अडचण आहे.

रांगेत किती वेळ मिळतो? पुढचा सरकला, आपण पुढे, हात पुढे, पिशवी, की मागचा ढकलतोच. तेवढ्यात जे बोलायचं ते. आधी मी म्हणणार होते: "एर्नेस्तिना, तू मरियेवर हात ठेवून शब्द दिला होतास की लढाई संपल्यावर माझी मुलगी परत देशील, आणि तू तिला सांगितलंस की मी तिला टाकली." एवढं बोलेपर्यंत तीन पिशव्या वाटून होतील. शिवाय फटाके.

आंघोळ करताना कापून कापून लहान केलं: "लढाई संपली, एर्नेस्तिना. माझी मुलगी दे."

एवढं पुरे. तिला कळेल. आणि शेजारी मारिसेला पिशव्या भरत उभी असेल, तिने विचारलंच पाहिजे, "आई, ही काय म्हणते आहे?" मग बघू कुठली बोटं वर करते ती.

५ डिसेंबर

तिस्कापाच्या टेकडीवर गेलो, खाली विवरात हिरवं पाणी. फानोर बर्फाचा गोळा आणायला गेला. मारिसेला कठड्याला टेकून उभी होती. आजही काळा झगा. मला न बघता तिने विचारलं:

"हायदे आई, तू मला का दिलंस?"

सदतीस पार केलेली बाई. केसात दोन-चार पांढरे. आणि आवाज त्या पोरीचा, इस्त्रीच्या गणवेशातल्या.

सगळं जिभेवर होतं. पण इतकी वर्षं दात आवळून धरलं ते टेकडीवर बर्फाच्या गोळ्याच्या भावात सांगून टाकायचं? मी म्हटलं, "ते एर्नेस्तिनाला विचार."

"विचारलं होतं."

"मग?"

"म्हणाली, ग्रितेरीला कळेल."

फानोर आला. गोळे वितळत होते, हात चिकट झाले.

ग्रितेरीला कळेल! म्हणजे तिनेही काहीतरी रचून ठेवलंय. सगळ्या वस्तीसमोर, मखराच्या उजेडात, आपली बाजू. मी रांगेत, ती ओट्यावर. ठीक आहे. होऊन जाऊ दे. झोप येत नाही म्हणून पुन्हा लिहिते: लढाई संपली, एर्नेस्तिना. माझी मुलगी दे.

६ डिसेंबर

झग्याला इस्त्री केली. निळा. फानोरने न विचारता माझ्या चपलेचा तुटका पट्टा शिवून आणला. त्याच्यावर रागवायला आज काही सापडलं नाही.

७ डिसेंबर

लिहिते आहे एर्नेस्तिनाच्या स्वयंपाकघरात, तिच्या ओट्यावर वही ठेवून. बाहेर अजून गाणी चालू आहेत.

मारिसेला दुपारीच इकडे आली होती, मखर लावायला. जाताना म्हणाली, "फानोर तुला सहाला आणेल. मागच्या दाराने आत ये, बसायला खुर्ची ठेवते." मागच्या दाराने, खुर्चीवर! मी फानोरला म्हटलं डोकं दुखतंय, थोडं पडते. आणि तो आंघोळीला गेला तशी बाहेर पडले. पाहुणी होऊन त्या घरात पाय टाकायचा नव्हता.

गल्ली धुराने भरली होती. फटाके, शिट्ट्या, पोती घेतलेली पोरं, कडेवरची बाळं. रांग कोपऱ्यापर्यंत. कुणीतरी ओरडायचं, "एवढा आनंद कुणामुळे?" आणि सगळी गल्ली, "मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवामुळे!" मीही ओरडले. तोंडातून आपोआप येतं ते, लहानपणापासूनचं.

माझ्यापुढे एक जाडी बाई होती. तिने दोनदा रांग लावली होती आणि तसं सांगतही होती. "त्या होत्या तेव्हा कहेता तोंडात विरघळायची," ती म्हणाली. मी म्हटलं, "हात आखडलाय आता त्यांचा." तिने माझ्याकडे वळून बघितलं, पण तेवढ्यात रांग सरकली.

दारात मखर एवढं पेटलेलं की समोर उभ्या बाईचा चेहरा दिसत नव्हता, नुसता अंधार आणि कडेने उजेड. ॲप्रन दिसला. पांढरा, निळी किनार, एर्नेस्तिनाचा. खिशाजवळ ठिगळ आहे, ते मी लावलेलं, कितीतरी वर्षांपूर्वी. त्या ठिगळाकडे बघतच पुढे गेले. चेहऱ्याकडे बघितलं असतं तर शब्द फुटला नसता. पिशवी पुढे आली. मी पिशवी धरली आणि म्हटलं:

"लढाई संपली, एर्नेस्तिना. माझी मुलगी दे."

पिशवी सुटेना. पलीकडच्या हाताने ती तशीच धरून ठेवली होती. त्या मनगटावर डाग होता. चंद्रकोरीसारखा.

"काय म्हणालीस?" मारिसेलाने विचारलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, मिळाली ना पिशवी? सरका की पुढे! इथे पोरं रडतायत."

मला वाटलं एर्नेस्तिना मागे असेल, मी वाकून बघितलं. मखरात मरिया होती, लोंब्या, फुलं. मरियेच्या पायाशी एर्नेस्तिनाचा फोटो, आणि फोटोच्या कोपऱ्यावर काळी फीत.

मारिसेलाने मला आत ओढलं. समोरच्या ओसरीवरची शेंगा सोलणारी बाई, पास्तोरा नाव तिचं, ती पिशव्या वाटायला उभी राहिली. स्वयंपाकघरात मारिसेला मला एकाच गोष्टीसाठी हलवत होती, "कसली लढाई? कसली मुलगी? तिने तुला काय द्यायचं होतं?" आणि मी तिला एकच विचारत होते, "कधी?"

"सप्टेंबरात. पोटाचं दुखणं होतं. दोन महिन्यांत संपलं."

म्हणजे बंद फळी. म्हणजे काळा झगा. म्हणजे त्या बायकांच्या मिठ्या. टॅक्सीवाल्यानेसुद्धा सांगितलं होतं, होतं तिथे म्हणून. मी त्याला शिकवत होते.

मग सांगितलं. सगळं. गाडी, तसबीर, शाळेचं वर्ष, बंद दार. ओट्याला धरून उभी राहून सांगितलं. मारिसेला जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून. मध्ये एकदाच म्हणाली, "मला म्हणाली होती, तू सही करून दिलंस." मी म्हटलं, "मला तेव्हा सही येत नव्हती." मग ती रडायला लागली, आणि तिला जवळ घ्यावं की नाही हे मला कळेना. शेवटी केसांवर हात ठेवला.

मला वाटलं होतं, हे बाहेर पडलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. राग येतोय. सप्टेंबरपासून मी एका मेलेल्या बाईशी भांडतेय आणि मला कुणी सांगायची तसदी घेतली नाही. तीन आठवडे मला तळी आणि टेकड्या दाखवल्या! पोरीवरही राग येतोय, फानोरवरही — तो आत्ताच धापा टाकत आला, सगळ्या रांगेत मला शोधत होता. आणि सगळ्यात जास्त तिच्यावर. तोंडून काढून घ्यायचं होतं, तर तोंडच घेऊन गेली.

८ डिसेंबर

सकाळी मारिसेलाने कॉफी पुढे ठेवली आणि सांगितलं. सुजलेल्या डोळ्यांनी. शेवटच्या आठवड्यात एर्नेस्तिनाने तिला खाटेशी बसवून बजावलं होतं: "मी गेले हे हायदेला कळवू नकोस. मेलेल्या बहिणीसाठी ती डोंगर उतरायची नाही, भांडायला मात्र येईल. ग्रितेरीला बोलाव. घरात यायची नाही, रांगेतच उभी राहील. त्या संध्याकाळी माझा ॲप्रन घालून दारात तू उभी राहा, दुसरं कुणी नको. ती जे म्हणेल ते खरं आहे. मला तुझ्यासमोर ते बोलायचं धाडस झालं नाही."

एवढं सांगून ती म्हणाली, "कॉफी गार होतेय, आई." नाव न जोडता. तिच्या लक्षातही आलं नाही.

रांग ओळखलीस, ठिगळ ओळखलंस, माझं वाक्यसुद्धा ओळखलंस. एक मात्र चुकलीस. मेलेल्या बहिणीसाठीही मी आले असते गं, ताई.